स्पाउस व्हिसासाठी सपोर्ट लेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज भरताना फॉर्म, फी आणि फोटो यांचं काय करायचं ते बहुतेकांना समजतं. घोडं अडतं ते पत्रांपाशी. पत्रं कोणाकडून घ्यायची, त्यांत काय लिहायचं, नोटरी लागते का, असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांची आहेत. नियम आणि फॉर्म बदलत राहतात. त्यामुळे अर्ज पाठवण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची सूचना वाचा आणि तीच अखेरची माना.

१. सपोर्ट लेटर म्हणजे नक्की कोणतं पत्र?

या एका नावाखाली लोक वेगवेगळी पत्रं धरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला प्रकार साक्षीच्या पत्रांचा: तुम्हा दोघांना ओळखणारी माणसं तुमच्या नात्याबद्दल जे लिहून देतात ते. दुसरा, तुम्ही नवरा-बायकोने स्वतः लिहिलेलं निवेदन (प्रश्न ६). तिसरा, नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारं पत्र (प्रश्न ९). चौथा, राहण्याच्या जागेबद्दल घरमालकाचं किंवा नातेवाइकाचं पत्र (प्रश्न १०). अर्जाच्या वर लावतात ते कव्हर लेटर यांपैकी कशातच मोडत नाही. सोबत कोणती कागदपत्रं जोडली आहेत याची ती यादी असते, आणि ती एका पानात संपावी.

२. साक्षीची पत्रं द्यावीच लागतात का?

हे देशावर अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसासाठी साधारणपणे किमान दोन साक्षीदारांची निवेदनं अपेक्षित असतात आणि त्यासाठी फॉर्म ८८८ ठरलेला आहे. अमेरिकेच्या आय-१३० अर्जात (नातेवाइकाला बोलावून घेण्यासाठी भरायचा फॉर्म) लग्न खरं असल्याचे जे पुरावे सुचवले आहेत, त्यांत तिसऱ्या व्यक्तींची शपथपत्रंही येतात. कॅनडातही नातेवाईक आणि मित्रांची पत्रं नात्याचा पुरावा म्हणून देता येतात. ब्रिटनमध्ये अशी पत्रं सक्तीची नाहीत.

सक्ती नसली तरी केव्हा द्यावीत? कागद कमी पडत असतील तेव्हा. संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावावरचा भाडेकरार, मुलांचे जन्मदाखले यांचं वजन पत्रांपेक्षा नेहमीच जास्त असतं. ते सगळं हाताशी असेल तर दोन चांगली पत्रं पुरतात. नसेल, तर कागदांत न दिसणारं आयुष्य अधिकाऱ्यापर्यंत पोचवायला पत्रांचाच आधार उरतो, आणि मग ती मनापासून तयार करावी लागतात.

३. पत्रं कोणाकडून घ्यावीत? आणि किती?

तुम्हाला दोघांना एकत्र पाहिलेल्या माणसाकडून. हुद्दा, शिक्षण, समाजातलं वजन या गोष्टी गौण आहेत. वर्षातून एकदा भेटणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या लेटरहेडवरच्या चार ओळींपेक्षा शेजारच्या काकूंनी लिहिलेलं पानभर पत्र उपयोगी पडतं, कारण तुमच्या घरात कोण कधी येतं-जातं हे त्यांना ठाऊक असतं.

तीन ते पाच पत्रं पुष्कळ झाली. दोन्ही बाजूंची माणसं असावीत: एखादा नातेवाईक तिच्याकडचा, एखादा त्याच्याकडचा, शिवाय एक मित्र किंवा सहकारी. सगळी पत्रं एकाच घरातून आली तर त्यांचं मोल उतरतं. पंधरा-वीस पत्रं जोडणारेही असतात, पण प्रत्येकात तेच ते असेल तर वाचणारा तिसऱ्या पत्रानंतर पानं उलटतो.

ऑस्ट्रेलियाच्या फॉर्म ८८८ साठी साक्षीदार १८ वर्षांवरचा असावा लागतो. तो सहसा ऑस्ट्रेलियाचा नागरिक, कायमचा रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असावा, अशी अपेक्षा असते. त्या दोन फॉर्मशिवाय बाहेरच्या देशातल्या नातेवाइकांची पत्रं जादा म्हणून जोडता येतात. अमेरिकेच्या अर्जात शपथपत्र देणारा अमेरिकन नागरिकच हवा, असं बंधन नाही.

४. साक्षीच्या पत्रात काय लिहावं?

अधिकाऱ्याला त्या पत्रातून एकच गोष्ट ठरवायची असते: हे लग्न खरं आहे, की व्हिसा मिळावा म्हणून केलेलं आहे. 'दोघं फार चांगली माणसं आहेत', 'त्यांचं एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे' ही वाक्यं कोणीही कोणाबद्दलही लिहू शकतो. म्हणूनच त्यांतून काही सिद्ध होत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं, ते लिहावं.

सुरुवातीला स्वतःची ओळख द्यावी: पूर्ण नाव, पत्ता, फोन, व्यवसाय, तुमच्याशी नातं. अमेरिकेसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळही लागतं. मग दोघांना आपण कधीपासून आणि कसे ओळखतो ते लिहावं. त्यानंतर पत्राचा खरा गाभा येतो, म्हणजे प्रसंग. आणि अगदी शेवटी, हे लग्न खरं आहे असं आपल्याला का वाटतं, ते दोन-तीन वाक्यांत.

प्रसंग म्हटलं की लोकांना लग्नाचा दिवस आणि वाढदिवस आठवतात. ते चालतील, पण पत्र जिवंत होतं ते साध्या दिवसांमुळे. 'दोघं खूप सुखी आहेत' या वाक्याऐवजी एखादी मावशी असं लिहू शकते:

'गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठवडाभर माझ्याकडे राहायला होती. रोज रात्री नऊच्या सुमारास त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. घरभाडं भरलं का, त्याच्या आईच्या गोळ्या आणल्या का, असं बोलणं चालायचं. एकदा नवा सोफा घ्यायचा की नाही यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा फोन आला, आणि सोफा घ्यायचा नाही असं ठरलं होतं.'

यात प्रेम हा शब्द कुठेच आलेला नाही. पण पैशांचे निर्णय एकत्र होतात, सासूच्या औषधांची काळजी सून घेते आणि रोजचा संपर्क आहे, एवढं सगळं त्या पाच-सहा वाक्यांत आलं आहे. भांडणाचा उल्लेख करायला लोक घाबरतात. किरकोळ कुरबुरी प्रत्येक घरात असतात आणि त्या लिहिल्याने पत्र खरं वाटतं.

काय आठवावं हे सुचत नसेल, तर ऑस्ट्रेलियाच्या नियमांतल्या चार बाजू इतर कुठल्याही देशाच्या पत्रासाठी उपयोगी पडतात. पैशांचे व्यवहार, घरातली कामं आणि जबाबदाऱ्या, नातेवाईक व मित्रांमध्ये जोडपं म्हणून वावर, आणि एकमेकांशी असलेली दीर्घकाळची बांधिलकी. प्रत्येक साक्षीदाराला चारही बाजू माहीत असायची गरज नाही. सहकाऱ्याला तिसरीच ठाऊक असेल, तर त्याने तेवढीच लिहावी.

लांबी एक ते दोन पानं. तारीख आणि सही विसरू नये. घाईत नेमकं हेच राहून जातं.

५. एक नमुना देता का? सगळ्यांना तोच पाठवतो.

नमुना मुद्दाम देत नाही. चार पत्रांत एकच मजकूर आणि फक्त नावं वेगळी असतील, तर ती चार पत्रं मिळून एका पत्राइतकीही भरत नाहीत. उलट सगळी अर्जदारानेच लिहिली असावीत, अशी शंका येते. मोबाईलवरच्या एखाद्या साधनाकडून लिहून घेतलेल्या गुळगुळीत मजकुराचंही तेच होतं. साक्षीदाराला मुद्द्यांची यादी द्या (प्रश्न ४), वाक्यं देऊ नका. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तरी बिघडत नाही.

६. आम्ही दोघांनी स्वतःचंही पत्र लिहायचं का?

हो, आणि वेगवेगळं. कुठे भेटलात, लग्नाचा निर्णय कसा झाला, सध्या संपर्क कसा ठेवता, व्हिसा मिळाल्यावर कुठे राहणार, दूर राहावं लागलं असेल तर का. कॅनडाच्या अर्जात यातले बरेच प्रश्न आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्येच असतात. तिथे पत्र म्हणजे फॉर्ममधल्या अपुऱ्या जागेची पुरवणी.

दोघांनी आधी एकटं बसून लिहावं आणि मग एकमेकांचं वाचावं. तपशिलात फरक निघाला तर खरं काय ते मिळून आठवावं. मुलाखतीत हेच प्रश्न दोघांना वेगवेगळे विचारले जाऊ शकतात.

७. नोटरी करावी लागते का?

अमेरिकेच्या आय-१३० साठी पत्र शपथेवर असावं लागतं. नोटरीसमोर सही करणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग अमेरिकी कायद्यानेच दिला आहे: खोटं आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन, अशा ठरावीक घोषणेखाली सही करणं. सही अमेरिकेबाहेर होत असेल, तर त्या घोषणेत 'अमेरिकेच्या कायद्यांनुसार' हे शब्दही घालावे लागतात. नोटरी दूर असलेल्या वयस्कर नातेवाइकांना हा मार्ग सोयीचा पडतो.

ब्रिटनसाठी साध्या सहीचं पत्र चालतं. साक्षीदाराने सोबत ओळखपत्राची प्रत दिली तर उत्तम. कॅनडासाठीही मित्र-नातेवाइकांचं साधं पत्र देता येतं. नोटरी केल्याने पत्रातला मजकूर सुधारत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

८. आजोबांना इंग्रजी येत नाही. मराठीत लिहिलं तर चालेल?

चालेल, आणि तेच चांगलं. स्वतःच्या भाषेत माणूस नेमकं लिहितो. मूळ मराठी पत्र, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र अशी तिन्ही पानं एकत्र जोडा.

प्रमाणपत्रात काय हवं ते प्रत्येक देश सांगतो. अमेरिकेला भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याचं आणि भाषांतरकार त्या कामाला सक्षम असल्याचं लेखी हवं असतं. ब्रिटनला अचूकतेची ग्वाही, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील लागतो. कॅनडात अर्जदाराच्या कुटुंबातल्या व्यक्तीने केलेलं भाषांतर चालत नाही, आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं शपथपत्र जोडावं लागतं. इतर देशांसाठीही घरातल्या माणसाकडून भाषांतर करून न घेतलेलंच बरं.

आजोबांना लिहिणं जमत नसेल, तर ते सांगतील तसं दुसऱ्याने लिहून घ्यावं, त्यांना वाचून दाखवावं, आणि 'वाचून दाखवल्यावर सही केली' अशी ओळ खाली घालावी. लिहून घेणारा अर्जदार नसावा.

९. नोकरीच्या ठिकाणच्या पत्रात काय असावं?

इथे आठवणी आणि प्रसंग नकोत, फक्त नेमकी माहिती हवी. ब्रिटनचे नियम सर्वांत काटेकोर आहेत. नोकरी असल्याची खात्री, वार्षिक ढोबळ (कपातीआधीचा) पगार, नोकरी किती काळ आहे, सध्याचा पगार किती काळापासून मिळतो आणि नोकरी कोणत्या प्रकारची आहे (कायम, ठरावीक मुदतीची की एजन्सीमार्फत), हे सगळं पत्रात हवं. यातला एक मुद्दा जरी गाळला, तरी अर्ज अडकू शकतो. कंपनीच्या ठरावीक छापील दाखल्यात बहुधा 'हा पगार कधीपासून' हेच नसतं, म्हणून एचआरला मुद्द्यांची यादी लेखी द्या. एप्रिल २०२४ पासून तिथल्या नव्या अर्जांसाठी उत्पन्नाची किमान मर्यादा वर्षाला २९,००० पौंड आहे. त्याआधी ती १८,६०० होती.

पत्रातला आकडा, सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट हे तिन्ही एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. पगारातून कर्जाचा हप्ता कापला जात असल्यामुळे खात्यात कमी रक्कम दिसत असेल, तर तसं स्पष्ट लिहून घ्या.

१०. आम्ही आई-वडिलांच्या घरात राहणार आहोत. त्यांचं पत्र लागेल का?

ब्रिटनसाठी द्यायलाच हवं. घर कोणाच्या मालकीचं, किती खोल्या, सध्या कोण कोण राहतं, आणि तुम्हा दोघांना राहायला त्यांची संमती आहे, एवढं पुरे. मालकीचा किंवा भाडेकराराचा कागद सोबत जोडा. घर भाड्याचं असेल, तर घरमालकाची परवानगीही घ्या. तिथे जागा राहणाऱ्यांना अपुरी नाही ना हे पाहिलं जातं, म्हणून खोल्यांची आणि माणसांची संख्या बरोबर लिहा.

११. अमेरिकेचं 'अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट' म्हणजेच सपोर्ट लेटर ना?

नाही. दोन्ही नावांत सपोर्ट आहे म्हणून लोक फसतात, आणि ही गफलत महागात पडू शकते. आय-८६४ हा आर्थिक जबाबदारीचा फॉर्म आहे आणि त्यावर सही करणं म्हणजे अमेरिकी सरकारशी कायदेशीर करार करणं. स्पॉन्सरचं, म्हणजे जोडीदाराला बोलावून घेणाऱ्याचं, उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. सक्रिय लष्करी सेवेतली व्यक्ती जोडीदाराला स्पॉन्सर करत असेल, तर १०० टक्के पुरतं. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा माणूस सहस्पॉन्सर होऊ शकतो.

घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. जोडीदार अमेरिकन नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावे कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत ती साधारणपणे चालू राहते. म्हणून मित्राला 'जरा एका कागदावर सही कर' असं सांगून हा फॉर्म पुढे करू नका. त्याला पूर्ण वाचायला द्या, विचाराला वेळ द्या.

कॅनडात जोडीदारासाठी बहुतेक वेळा किमान उत्पन्नाची अट नसते. मात्र स्पॉन्सरला जोडीदाराचा खर्च भागवण्याची हमी द्यावी लागते. क्वेबेक सोडून इतरत्र ही हमी जोडीदार कायमचा रहिवासी झाल्यापासून तीन वर्षांची असते.

१२. लग्नाआधी आम्ही फार कमी भेटलो आणि लग्नानंतर एकत्र राहिलोच नाही. साक्षीदार लिहिणार तरी काय?

जे झालं तेच. ओळख कोणी करून दिली, घरच्यांची बोलणी कशी झाली, त्या वेळी कोण हजर होतं, हे सगळं पाहिलेली माणसं असतातच. त्यांनी ते तारखांसह लिहावं. लग्नानंतर दूर राहावं लागलं, तर कारण सांगावं: नोकरी, रजा न मिळणं, आजारपण, व्हिसाची प्रतीक्षा. दूर असताना नातं कसं टिकवलं, हे पाहिलेला माणूस इथे सगळ्यांत मोलाचा. खोलीतला सोबती रोजचे फोन ऐकत असतो, बहिणीने तुमचं पार्सल पोचवलेलं असतं. कमी भेटी लपवण्यासाठी 'ते वारंवार भेटत' असं मोघम लिहिलं, तर पासपोर्टवरचे शिक्के ते लगेच खोडून काढतात.

ब्रिटनच्या नियमांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असणं बंधनकारक आहे. तिथे फोनवरच्या ओळखीची कितीही पत्रं दिली तरी ती अट पूर्ण होत नाही.

१३. घरच्यांचा लग्नाला विरोध होता. त्यांचं पत्र नसेल तर संशय येईल का?

प्रश्न मनात येऊ शकतो, म्हणून तुमच्या निवेदनात (प्रश्न ६) त्याचं उत्तर सरळ द्या. विरोध होता, आजही बोलणं नाही, आणि म्हणून पत्रं मित्र व सहकाऱ्यांची आहेत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एखाद्या भावाने किंवा मामीने गुपचूप साथ दिली असेल, तर त्यांचं पत्र फार बोलकं ठरतं. मात्र त्या पत्रामुळे त्यांना घरात त्रास होणार असेल, तर ते मागू नका.

१४. माझा आधी घटस्फोट झाला आहे आणि एकदा व्हिसाही नाकारला होता. साक्षीदाराने याचा उल्लेख करावा का?

या दोन्ही गोष्टी तुम्ही फॉर्ममध्ये आणि स्वतःच्या निवेदनात सांगायच्या आहेत. साक्षीदाराला त्या माहीत असतील, तर 'पहिलं लग्न मोडल्यानंतरचा काळ मी जवळून पाहिला आहे' असं त्याने लिहायला हरकत नाही. माहीत नसतील, तर त्याच्या तोंडी घालू नयेत. आधीच्या नकारपत्रात जे कारण दिलं होतं, त्यालाच उत्तर देणारी पत्रं या वेळी मिळवा.

१५. मित्र फक्त मला ओळखतो, नवऱ्याला कधी भेटलेला नाही. त्याचं पत्र घ्यावं का?

दुसरं कोणी असेल तर नको. नसेल, तर त्याने ते पहिल्याच परिच्छेदात सांगावं आणि तुमच्या बाजूचं जे पाहिलं तेवढंच लिहावं. आधी एखादा व्हिडिओ कॉल करून ओळख करून दिली, तर तीही प्रामाणिकपणे 'अमुक महिन्यात फोनवर ओळख झाली' अशीच लिहावी.

१६. दोन पत्रांतल्या तारखा जुळत नाहीत. दुरुस्त करून सही घेऊ का?

तुम्ही दुरुस्त करू नका. साक्षीदाराला फरक दाखवा आणि जुने फोटो किंवा मेसेज पाहून त्यालाच ठरवू द्या. खात्री नसेल तर 'सुमारे', 'त्या वर्षीच्या पावसाळ्यात' असे शब्द वापरावेत. माणसाची आठवण थोडी पुढे-मागे होतेच, हे अधिकाऱ्यालाही कळतं. लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, एकत्र राहायला लागल्याचा महिना हे मात्र सगळीकडे सारखेच असायला हवेत.

१७. थोडं वाढवून लिहिलं तर काय बिघडतं? लग्न तर खरंच आहे.

खऱ्या लग्नाचा अर्ज खोट्या पत्रामुळे बुडू शकतो, आणि याचं सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं, तर कॅनडात पाच वर्षांची बंदी येते. ऑस्ट्रेलियात खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्याच्या कारणावरून व्हिसा नाकारला, तर पुढची तीन वर्षं अनेक व्हिसांचं दार बंद होतं. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या महत्त्वाच्या खोट्या विधानामुळे कायमची अपात्रता येऊ शकते आणि सुटका फक्त माफीच्या वेगळ्या अर्जाने होते. शिवाय शपथेवर खोटं लिहिणारा साक्षीदारही अडचणीत येतो. तुमच्यासाठी मदतीला आलेल्या माणसाला तिथे उभं करू नका.

१८. अधिकारी साक्षीदाराला फोन करतात का? त्याच्यावर काही जबाबदारी येते का?

करू शकतात. अमेरिकेच्या नियमांत तर शपथपत्र देणाऱ्याला जबाबासाठी बोलावण्याचीही तरतूद आहे. म्हणून चालू असलेला फोन नंबर द्यावा आणि सही केलेल्या पत्राची एक प्रत साक्षीदाराने स्वतःकडे ठेवावी. साक्षीच्या पत्राने पैशांची कोणतीही जबाबदारी येत नाही. ती फक्त प्रश्न ११ मधल्या फॉर्मने किंवा हमीने येते.

१९. हीच पत्रं पुढच्या टप्प्यावर चालतील का?

नाही, नवी घ्या. अमेरिकेत पोचतेवेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. ती अट काढण्यासाठी आय-७५१ भरावा लागतो. त्यासाठी तुम्हाला सशर्त ग्रीन कार्ड मिळाल्यापासून दोघांना ओळखणाऱ्या किमान दोन व्यक्तींची शपथपत्रं लागतात. जुनी पत्रं त्याआधीच्या काळाबद्दल बोलतात, म्हणून तिथे उपयोगाची नाहीत. नव्या गावात शेजाऱ्यांशी ओळख ठेवा, पुढे साक्ष द्यायला तीच माणसं असतात.

२०. मला पत्र मागितलं आहे, पण या लग्नाबद्दल मनात शंका आहे. काय करू?

हा प्रश्न विचारणारे थोडे असतात, पण त्यांची घालमेल खरी असते. पत्र देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. शंका म्हणजे केवळ 'मला फारसं माहीत नाही' एवढीच असेल, तर माहीत आहे तेवढंच लिहा आणि मत देऊ नका. असं पत्रही चालतं.

दोघांपैकी एकावर लग्नासाठी दबाव होता किंवा मारहाण होते आहे, असं दिसत असेल, तर सही करू नका. त्या व्यक्तीशी एकांतात बोला आणि तिला काय हवं आहे ते विचारा. लग्न फक्त कागदोपत्री आहे असं ठाऊक असेल, तरीही सही करू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. शंका एवढी गंभीर नसेल आणि तरीही लिहावंसं वाटत नसेल, तर नकार लवकर कळवा, म्हणजे त्यांना दुसऱ्या कोणाला विचारायला वेळ मिळेल.